मूळ कॉमिकशी इमान म्हणजे नेमकं काय?

सुपरहिरोंची नवी मालिका आली की दोन भाग संपायच्या आत भांडण जुंपतं, आणि ते दर वेळी त्याच दोन वाक्यांपाशी येऊन अडतं. एक बाजू म्हणते, ‘कॉमिकमध्ये असं नव्हतंच.’ दुसरी म्हणते, ‘कॉमिक वाचायला वेळ कुणाला आहे? मालिका स्वतःच्या पायावर उभी राहते की नाही तेवढं बघा.’ पहिल्यांच्या लेखी मालिका म्हणजे पाणी घालून वाढवलेलं कॉमिक. दुसऱ्यांच्या लेखी कॉमिक म्हणजे मालिकेचा कच्चा आराखडा. भांडतात कडाकडा, पण दोघांचं गृहीतक एकच आहे: गोष्ट म्हणजे पाणी, ते तांब्यातून पेल्यात ओतलं, आता सांडलं किती ते मोजायचं. हे गृहीतकच मला मान्य नाही. सुपरहिरोंच्या बाबतीत ‘मूळ’ नावाची एका जागी थांबलेली वस्तू कधी नव्हतीच. कॉमिक आणि रेडिओ-टीव्ही गेली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं एकमेकांकडून घेत आणि एकमेकांना देत आले आहेत. म्हणून मुळाबरहुकूम किती, हे मोजण्यापेक्षा चौकटींनी काय साधलं आणि हलत्या चित्राने, आवाजाने काय साधलं, हे बघायला हवं. ते कळलं की दोन्हींचा आनंद घेता येतो, आणि दोन्हींतलं वाईट काय तेही नीट सांगता येतं.

आधी ‘मूळ’ कोणतं ते पाहू. जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा सुपरमॅन अवतरला तेव्हा त्याला उडता येत नव्हतं. तो उडी मारायचा, एक अष्टमांश मैल, म्हणजे साधारण दोनशे मीटर. १९४० मध्ये त्याची रेडिओ मालिका सुरू झाली. रेडिओवर चित्र नाही, विचारांचा फुगा नाही. नायकाच्या मनात काय चाललंय ते ऐकवायचं तर त्याच्या आजूबाजूला बोलकी माणसं लागतात. संपादक पेरी व्हाइट आधी रेडिओवर आला, कॉमिकमध्ये नंतर. जिमी ओल्सनला नाव आणि स्वभाव मिळाला तोही रेडिओवरच. आणि सुपरमॅनला लुळंपांगळं करणारं क्रिप्टोनाइट? ते १९४३ साली रेडिओवर ऐकू आलं. कॉमिकच्या पानावर उमटायला १९४९ उजाडलं. म्हणजे आज एखाद्या मालिकेने क्रिप्टोनाइटचे गुणधर्म बदलले म्हणून कॉमिकच्या बाजूने लढणारा वाचक खरं तर रेडिओची बाजू लढवत असतो.

मराठी वाचकाने तर यावर जास्तच विचार करायला हवा. आपल्याकडे मागच्या पिढीला ‘मूळ’ म्हणून जे आठवतं, ते बहुतेकदा इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ असतं. ली फॉक यांचा फँटम १९३६ पासून अमेरिकी वृत्तपत्रांत रोज तीन-चार चौकटींच्या पट्टीने येत होता. मार्च १९६४ मध्ये इंद्रजालची सुरुवात त्याच्यापासूनच झाली आणि पुढे ही पुस्तकं मराठीतही निघत राहिली. पट्टीच्या चौकटी पानाच्या आकारात बसवण्यासाठी कापल्या, हलवल्या, काही गाळल्या. गोष्टीतल्या ‘बंगाला’ या काल्पनिक देशाचं आधीचं ‘बंगाली’ हे नाव भारतात चालण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याचं ‘डेंकाली’ झालं. आणि फँटमचा झाला वेताळ! कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाची राखण करणारा देव, रात्री सीमेवरून फिरणारा, ज्याला भाविक वहाणा अर्पण करतात. या एका शब्दाने त्या मुखवट्याला जो अर्थ आला, तो इंग्रजी पट्टीत नव्हता. हे रूपांतर होतं, भरपूर कापाकापी केलेलं होतं, आणि तरीही ते चांगलं होतं.

एका पात्राचा प्रवास जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे. १९५९ साली ‘बॅटमॅन’च्या १२१ व्या अंकात मिस्टर झीरो नावाचा खलनायक आला. अपघातामुळे त्याला कायम थंडीत राहावं लागतं, अंगात खास पोशाख, हातात गोठवणारी बंदूक. हिरे चोरायचे आणि पकडलं जायचं. एका अंकापुरतं काम. १९६६ मध्ये ॲडम वेस्ट बॅटमॅन असलेल्या टीव्ही मालिकेने त्याला उचललं आणि नाव ठेवलं मिस्टर फ्रीझ. कॉमिकने ते नाव टीव्हीकडून घेतलं, पण पात्र होतं तसंच पोकळ राहिलं. मग सप्टेंबर १९९२ मध्ये ‘बॅटमॅन: द ॲनिमेटेड सीरिज’चा ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग आला. लेखक पॉल डिनी, दिग्दर्शक ब्रूस टिम, लांबी जेमतेम बावीस मिनिटं. इथे फ्रीझ हा शास्त्रज्ञ आहे, त्याची पत्नी नोरा असाध्य आजारामुळे गोठवून ठेवली आहे, आणि कंपनीच्या मालकाने तो प्रयोग मध्येच बंद पाडल्यामुळे त्याचं हे असं झालं आहे. मायकेल अन्सारा यांनी त्याला आवाज दिला तो भावना पूर्ण काढून टाकलेला, सपाट. काचेच्या गोळ्यात फिरणारी छोटी नर्तकी आहे. शेवटी कोठडीत तो तिच्याकडे बघत बसतो आणि बाहेर बर्फ पडत राहतं. या भागाला पटकथेचं डेटाइम एमी हे अमेरिकी टीव्ही पारितोषिक मिळालं. त्यातला सपाट आवाज कोणत्या फुग्यात लिहिता येईल? तो ऐकावाच लागतो. इतका थंड आवाज इतकं दुःख सांगतोय, या विसंगतीवरच सगळा भाग उभा आहे.

नंतर काय झालं तेही बघा. कॉमिकने ही पूर्वकथा स्वीकारली आणि पुढे बरीच वर्षं तीच ‘मूळ’ म्हणून चालली. २०१२ च्या ‘बॅटमॅन’ वार्षिकांकात ती बदलली: नोरा त्याची पत्नी नव्हतीच, त्याच्या जन्माच्याही आधी गोठवलेली ती एक अनोळखी स्त्री आणि बाकी सगळा त्याचा भ्रम. पुष्कळ वाचकांना हे रुचलं नाही. मलाही नाही. पण ते ज्याचा बचाव करत होते ते टीव्हीवर जन्मलेलं होतं आणि ज्यावर रागावले होते ते छापील कॉमिक होतं. इमानाची फूटपट्टी इथे कुणावर धरायची?

अशी उदाहरणं एकदोन नाहीत. जोकरची साथीदार हार्ली क्विन त्याच १९९२ च्या मालिकेत एका भागापुरती आली आणि कॉमिकमध्ये शिरली ती कायमची. बार्बरा गॉर्डन ही बॅटगर्ल जानेवारी १९६७ च्या अंकात छापून आली, पण तिची मागणी टीव्हीच्या निर्मात्यांकडून आली होती. फायरस्टार ही १९८१ च्या स्पायडरमॅन कार्टूनमधली, एक्स-२३ ही २००३ च्या एक्स-मेन कार्टूनमधली. वाहतूक दोन्ही बाजूंनी सुरू आहे आणि नाका कुठेच नाही.

यात नवीन काही नाही. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत अंगठी नाही, दुर्वासांचा शाप नाही. तिथे दुष्यंताला सगळं आठवत असतं आणि तो भर सभेत तिला नाकारतो. अंगठी आणि शाप कालिदासाने घातले, कारण नाटकाला नायक हवा होता, आणि जाणूनबुजून खोटं बोलणारा राजा नायक म्हणून रंगमंचावर टिकला नसता. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्याचं संगीत शाकुंतल केलं तेव्हा त्यात पदं आली, चाली आल्या, मराठी संगीत रंगभूमी उभी राहिली. यातलं ‘पाणी घातलेलं’ कोणतं? कुडाळजवळच्या पिंगुळीचा ठाकर समाज तर एकच आख्यान दोन तऱ्हांनी सांगत आला: सुट्या रंगवलेल्या चित्रांची पोथी एकेक पान पुढे करत चित्रकथी, आणि पडद्यामागे दिवा ठेवून चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ. एक स्थिर, एक हलतं. चित्रकथीत चित्र थांबलेलं असतं आणि गाणारा पुढे जातो. बाहुल्यांत आकृतीच पुढे जाते. दोन्ही खेळ एकाच घरात जपले गेले, ते एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही म्हणूनच.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो खरा आहे. टीव्हीवर जाताना गोष्टीचा कणा मोडतो असं कित्येकदा होतं, आणि त्याचं सर्वांत ठळक उदाहरण डार्क फीनिक्सची कथा. ख्रिस क्लेरमाँट आणि जॉन बर्न यांच्या १९८० च्या ‘एक्स-मेन’मध्ये त्या गटातली नायिका जीन ग्रे आपल्या अफाट शक्तीच्या आहारी जाते, भूक भागवायला एक तारा गिळते आणि त्याच्याभोवतीच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव नष्ट होतात. १३७ व्या अंकात, चंद्रावर, तिचे मित्र तिच्यासाठी लढत असताना ती स्वतःच प्राचीन शस्त्रासमोर उभी राहून मरण पत्करते. १९९४ मध्ये ‘एक्स-मेन’ कार्टूनने हीच कथा चार भागांत केली. तारा गिळला जातो, पण त्याच्याभोवती वस्ती नसते. शेवटी जीन मरते, आणि मित्रांनी आपल्या आयुष्याचा थोडा थोडा अंश दिल्यावर पुन्हा उठते. शनिवारी सकाळी मुलांसाठी लागणाऱ्या कार्यक्रमात नायिकेच्या हातून पाच अब्ज जीव मरणं आणि तिने जीव देणं या दोन्हींना जागा नव्हती. पण पाच अब्जांचा हिशोब काढून घेतला की मरण कशासाठी? प्रायश्चित्ताची गोष्ट आजाराची गोष्ट होऊन बसते. हे नुकसान आहे, मोठं आहे, आणि ‘मालिका म्हणून बघा’ असं म्हणून ते भरून येत नाही.

मात्र यातून ‘मुळाला चिकटून राहा’ हा धडा निघतो का? नेमका उलटा निघतो. हे कार्टून घटनांच्या बाबतीत कमालीचं इमानदार आहे: मनावर ताबा मिळवणारा मास्टरमाइंड, परग्रहावरच्या शियार साम्राज्याचा निवाडा, चंद्रावरचं द्वंद्व, क्रमसुद्धा तोच. घटना जवळजवळ सगळ्या आल्या आणि अर्थ गळून गेला. शिवाय त्या छापील शेवटाची हकीकतही ‘मूळ’वाल्यांनी ध्यानात ठेवावी. क्लेरमाँट-बर्न यांनी आधी तयार केलेल्या शेवटात जीन जगते; शियार तिची शक्ती काढून घेतात आणि ती घरी परतते. मुख्य संपादक जिम शूटर यांनी हरकत घेतली: एवढ्या संहारानंतर इतकी सौम्य शिक्षा चालणार नाही. शेवटची पानं बदलावी लागली. जुना शेवट १९८४ मध्ये वेगळ्या पुस्तकात छापला गेला आणि आजही वाचता येतो. म्हणजे लेखकाच्या मनातलं ‘मूळ’ कार्टूनच्या शेवटाच्या जास्त जवळ होतं! तरीही १३७ वा अंक श्रेष्ठ आहे, कारण तो कृत्य आणि त्याची किंमत यांची गाठ सुटू देत नाही. श्रेष्ठत्व ‘आधी कोण’ यावरून ठरत नाही, ते इथून ठरतं.

याच्या शेजारी ‘वॉचमेन’ ठेवून पाहा. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचे १९८६-८७ मधले बारा अंक नऊ चौकटींच्या जाळीवर रचलेले आहेत. पाचवा अंक तर आरशासारखा आहे: पहिल्या पानाची रचना शेवटच्या पानाशी जुळते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशी, आणि मधोमध दोन पानांवर पसरलेलं एक चित्र. हे जाणवतं ते पानं मागे-पुढे उलटल्यावर. टीव्हीवर काळ एकाच दिशेने वाहतो. हा खेळ तिथे हलवणं अशक्य. २०१९ च्या नऊ भागांच्या मालिकेने तो हलवायचा प्रयत्न केलाच नाही. तिने कॉमिकनंतर चौतीस वर्षांनी गोष्ट सुरू केली आणि पहिलाच प्रसंग घेतला १९२१ मधल्या टल्सा शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीवरच्या हल्ल्याचा. कॉमिकमधल्या हूडेड जस्टिसच्या पोशाखात गळ्याभोवती फास आहे आणि डोक्यावर बुरखा. तो कोण, हे मूर यांनी पक्कं सांगितलं नव्हतं. गिबन्स यांनी काढलेला तो दोर तेहतीस वर्षं प्रत्येक वाचकाच्या डोळ्यांसमोर होता. मालिकेने विचारलं, गळ्यात फास घालून गुन्हेगारांवर चालून जाणारा हा माणूस कोण असेल? आणि उत्तर दिलं: ज्याच्या गळ्यात तो फास खरोखर पडला होता असा कृष्णवर्णीय पोलीस. घटनांच्या दृष्टीने ही मालिका कॉमिकची नक्कल करतच नाही. पण दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत, जिथे कॉमिकचा वाचक स्वतःच्या मनाने भर घालत असतो, तिथे ती शिरली. मी इमान याला म्हणेन.

ही कोरी पट्टी म्हणजे कॉमिकचं खरं यंत्र. पहिल्या चौकटीत मूठ उगारलेली, दुसरीत माणूस जमिनीवर; फटका वाचकाच्या डोक्यात बसतो. चौकट रुंद केली की काळ ताणला जातो, अरुंद चौकटी ओळीने लावल्या की धावतो. शब्दांचंही गणित असतं. मूर यांनी सांगितलेला जुन्या संपादकांचा दंडक असा: पानावर सहा चौकटी, चौकटीत जास्तीत जास्त ३५ शब्द, म्हणजे पानाला २१०. त्यापुढे गेलं की फुगे चित्राला गिळतात. धक्का द्यायचा तर तो समसंख्येच्या पानावर: अमेरिकी अंकात पहिलं पान उजवीकडे येतं, त्यामुळे सम पान डावीकडे असतं आणि पान उलटेपर्यंत दिसत नाही. फोनवर एकेक चौकट मोठी करून वाचणाऱ्याच्या हातून नेमकं हेच निसटतं, आणि मग ‘कॉमिक सपाट वाटलं’ अशी तक्रार येते. अमेरिकी अंकाचं पान साधारण १७ × २६ सेंटिमीटरचं असतं. कागदावर वाचावं, नाहीतर निदान दहा इंची टॅब्लेटवर. आधी अख्खं पान नजरेत घ्यावं, मग चौकटींत शिरावं.

टीव्हीचं गणित पैशाचं आणि हातांचं. १९६७ च्या स्पायडरमॅन कार्टूनमध्ये, जे नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर आपल्याकडे घरोघरी पाहिलं गेलं, त्याच्या पोशाखावरची जाळी फक्त मुखवटा, हातमोजे आणि बुटांवर आहे. अंगभर जाळी हजारो चित्रांत पुन्हा पुन्हा काढणं परवडणारं नव्हतं. तेच झोके घेण्याचे तुकडे भागाभागांत परत येतात तेही म्हणूनच. १९९२ च्या बॅटमॅनने ही अडचण शैलीत बदलली: आकृतीतल्या रेषा कमी केल्या, कडा सरळ ठेवल्या, पार्श्वभूमी काळ्या कागदावर रंगवली, म्हणजे अंधार आधीपासून तयार आणि फक्त उजेड तेवढा काढायचा. १९७७ च्या हल्क मालिकेत तर लू फेरिग्नो हिरवा रंग लावून भागात साधारण दोनदाच प्रकट होतो. कॉमिकमधला हल्क डोंगर पेलतो, हा दारं मोडतो. म्हणून मालिकेने भार टाकला, हल्क होण्याआधीचा साधा माणूस साकारणाऱ्या बिल बिक्सबीच्या चेहऱ्यावर: गावोगाव भटकणारा, कुठेच थांबू न शकणारा माणूस. राग येऊ नये म्हणून धडपडणारा चेहरा जवळून पाहणं, हे त्या काळच्या कॉमिकने क्वचितच दिलं होतं.

आणखी एक आक्षेप उरतो आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पडद्याचा प्रेक्षक कॉमिकच्या वाचकापेक्षा कितीतरी मोठा, म्हणून पडदा कॉमिकला आपल्याकडे वाकवतो. १९६६ च्या बॅटमॅनच्या यशाने छापील बॅटमॅनही थट्टेखोर झाला, खप वाढला, आणि १९६८ मध्ये मालिका संपताच उतरला. हे मान्य. पण कॉमिकने त्यावर काय केलं? डेनी ओ’नील आणि नील ॲडम्स यांनी बॅटमॅनला पुन्हा रात्रीत नेलं, आणि तोच गंभीर बॅटमॅन पुढे १९९२ च्या कार्टूनचा पाया ठरला. लाट ओसरते; चांगलं काम करणारे असले की माध्यम सावरतं.

न सावरणारी गोष्ट वेगळी आहे. सीगल आणि शुस्टर यांना सुपरमॅनच्या हक्कांसह पहिल्या कथेचे १३० डॉलर मिळाले. १९७५ मध्ये, गाजावाजा झाल्यावर, वर्षाला वीस हजार डॉलर आणि श्रेयनाम. बॅटमॅन घडवणाऱ्या बिल फिंगर यांचं नाव अधिकृतपणे यायला २०१५ उजाडलं, तेव्हा त्यांना जाऊन चार दशकं झाली होती. मूर यांनी आपल्या कामाच्या रूपांतरांवरून स्वतःचं नाव काढायला लावलं, यामागे हाच अनुभव आहे. इथे मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे. फक्त हा प्रश्न हक्कांचा आणि पैशांचा आहे, कथानकाच्या इमानाचा नाही. चौकटीन् चौकट जशीच्या तशी उतरवूनही निर्मात्याला फसवता येतं. ‘पोशाखाचा रंग बदलला’ म्हणून होणाऱ्या आरडाओरड्यात श्रेयनामावलीत कुणाचं नाव आहे हे कुणी वाचत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बेइमानीची कमाल पाहायची तर जपानचा स्पायडरमॅन घ्या. १९७८ मध्ये तोएई कंपनीने ४१ भाग केले. पीटर पार्कर नाही. ताकुया यामाशिरो हा मोटरसायकल शर्यतपटू, आणि त्याच्याकडे लेओपार्डॉन नावाचा प्रचंड यंत्रमानव. कॉमिकमधलं राहिलं काय, तर पोशाख आणि भिंतीवर चढणं. पण तो यंत्रमानव इतका चालला की तोएईने १९७९ पासून आपल्या रंगीबेरंगी वीरांच्या मालिकांतही यंत्रमानव आणला. पुढे अमेरिकेत त्याच मालिकांतून पॉवर रेंजर्स तयार झाले. आणि २०१४ मध्ये मार्व्हलने जगोजागचे स्पायडरमॅन एकत्र आणणारी कथा छापली, तेव्हा ताकुया आणि लेओपार्डॉन दोघेही त्यात होते.

दोन्ही माध्यमं एकत्र अनुभवायची असतील तर पूर्ण इतिहासाच्या मागे लागू नये; मर्यादित लांबीची कथा घ्यावी. ‘वॉचमेन’ची मालिका पुढची गोष्ट सांगते, तेव्हा बारा अंक आधी वाचावेत. फ्रीझसाठी १९९२ चा भाग आधी, मग कॉमिक. डार्क फीनिक्सचं कार्टून आधी पाहावं, नंतर १२९ ते १३७ हे अंक. उलट क्रमाने गेलं तर कार्टूनवर अन्याय होतो. जाड संग्रहात क्लेरमाँट प्रत्येक अंकात पात्रांची ओळख पुन्हा करून देताना दिसतील. तो कंटाळवाणेपणा नाही. अंक महिन्याला एक निघे आणि प्रत्येक अंक कुणाचा तरी पहिला असे. म्हणून एका बैठकीत दोन-तीनच अंक वाचावेत. आणि १३६ वा संपला की पुस्तक मिटून ठेवावं, निदान एक दिवस. १९८० च्या वाचकाला तिथे अख्खा महिना थांबावं लागलं होतं.